आई-बाबांना घेऊन ट्रेलर ओढायचा आहे : गचके न देणारा हेवी ड्यूटी पिकअप कोणता?

पायवाट

नमस्कार मंडळी. आम्ही कोलोरॅडोत, लाँगमाँटला राहतो. गेल्या वर्षी २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. त्याची जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन, ८,००० पौंड आहे. सध्या तो हाफ टन (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग) पिकअपने ओढतो. ओढला जातो, पण जीव मुठीत धरून. आय-२५ वर वेलिंग्टनच्या पुढे वायोमिंगच्या दिशेने वारा सुटला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की सगळी गाडी हलते. हिच (ट्रेलर जोडायचा जोड) लावल्यावर मागची बाजू बसते ती वेगळीच.

मे महिन्यात साताऱ्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत. मेसा व्हर्डे, ग्रेट सँड ड्यून्स आणि जमलं तर यलोस्टोन असा बेत आहे. आईच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. बसायला हरकत नाही, दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचं, पण गचके बसता कामा नयेत असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

म्हणून हेवी ड्यूटी पिकअप बघायला लागलो. ओळखीच्यांचा एक टनी ट्रक चालवून पाहिला. ट्रेलर नसताना त्याच्या मागच्या सीटवर मी स्वतः बसले. काँक्रीटच्या रस्त्यावर प्रत्येक सांध्याला खालून दणका. माझीच पाठ बोलायला लागली, तिथे आईला कसं बसवू?

बजेट ६० हजार डॉलरपर्यंत. दोन-तीन वर्षं वापरलेला चालेल. आम्ही तिघं (मुलगा ११ वर्षांचा) अधिक आई-बाबा असे पाच जण. एरवी हाच ट्रक मुलाची शाळा, किराणा आणि नवऱ्याच्या ऑफिससाठी वापरला जाणार. ट्रेलर ओढण्याइतका भक्कम आणि मागे बसणाऱ्याला त्रास न देणारा ट्रक असतो का? डिझेल घ्यावा की गॅस (म्हणजे पेट्रोल)? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

मोहर

आठ हजार पौंडांसाठी हेवी ड्यूटी कशाला? माझ्या हाफ टन पिकअपची टोइंग कपॅसिटी ११ हजारांच्या वर आहे. कॉइल स्प्रिंगवाला आहे, मागे बसलेल्यांची कधी तक्रार नाही. तुमचा नुसता हिच नीट बसवून घ्या.

घाटमाथा

पायवाट, प्रश्न नेमका विचारला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं रॉकीजमध्ये ट्रेलर ओढतो आहे.

मोहर, ११ हजार हा आकडा खोटा नाही, पण तो कसा काढतात ते बघा. अमेरिकेतले पिकअप उत्पादक एसएई जे-२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी घेतात. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, भर उन्हाळ्यातला उकाडा, एसी चालू, आणि त्यात ठरावीक वेगाच्या खाली जायचं नाही. चाचणी कडक आहे. पण गाडीत माणसं धरतात फक्त दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. पायवाट यांच्या गाडीत पाच जण आहेत, शिवाय मागच्या हौद्यात सामान.

तेव्हा टोइंग कपॅसिटी बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा त्या एका गाडीचा असतो. ब्रोशरमधला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. सनरूफ, मोठी सीटं, मोठी चाकं वाढली की हा आकडा घसरतो. डीलरने नंतर बसवलेले पायदान आणि हौद्याचं झाकण तर त्यातून तुम्हालाच वजा करावं लागतं.

आता तुमचा हिशेब. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरले तर ८,००० चे १,०४० पौंड. पाच माणसं अंदाजे ६७५. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बार ताणून मागचा काही भार पुढच्या चाकांवर नेणारा हिच) ९०. हौद्यात जनरेटर, खुर्च्या, लाकडं, हत्यारं मिळून २००. बेरीज २,००५ पौंड. तुमच्या हाफ टनच्या दारावर किती आहे ते बघून सांगा. बहुतेक १,४०० ते १,७०० च्या मध्ये असेल. मागची बाजू बसते त्याचं कारण इथेच आहे.

पुढची गोष्ट राईडची. मालकाला ३,००० पौंड लादता यावेत म्हणून मागचे स्प्रिंग तेवढे ताठ केलेले असतात. गाडी रिकामी असली की ते दबतच नाहीत, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका थेट सीटपर्यंत येतो. रिकाम्या एसटीत मागच्या बाकावर बसलेल्यांना हे सांगायला नको. तीच एसटी भरली की कशी मऊ चालते! तुम्ही जो एक टनी ट्रक पाहिला तो रिकामा होता, आणि तुमच्या गरजेच्या दुप्पट वजन पेलायला बनवलेला होता. म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे की सगळ्यात ताकदवान ट्रक शोधू नका. तुमच्या २,००५ पौंडांच्या वर चार-पाचशे पौंड जागा राहील एवढाच ट्रक घ्या. त्याहून मोठा घेतला की वर्षाचे बाकीचे दिवस आईच्या पाठीला त्याची किंमत मोजावी लागेल.

म्हणजे तुमच्यासाठी पाऊण टनी वर्ग: फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेव्ही सिल्व्हराडो २५००एचडी आणि जीएमसी सिएरा २५००एचडी. यांच्या रचनेतला फरक सवडीने लिहितो.

पायवाट

घाटमाथा, खूप खूप आभार. लगेच खाली जाऊन दार उघडून पाहिलं. १,४८० पौंड! म्हणजे तुमच्या हिशेबाने आम्ही पाचशेच्या वर जास्त लादणार होतो. आणि आई-बाबा यायच्या आधीच गाडीची ही अवस्था आहे.

नवऱ्याचं म्हणणं, मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवून घेऊ, मग बसणार नाही. त्याने भागेल का?

घाटमाथा

नाही. एअरबॅगने गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, पण दारावरचा आकडा पौंडभरही वाढत नाही. एक्सल, चाकं, ब्रेक, फ्रेम सगळं तेच राहतं. गाडी सरळ दिसते म्हणून माणूस निर्धास्त होतो, त्यातच धोका आहे.

केतकी_ऑस्टिन

पायवाट, माझे सासू-सासरे दर वर्षी येतात आणि आम्ही त्यांना ट्रकमधूनच फिरवतो, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. सस्पेन्शनवर इथे भरपूर बोलणं होईल, पण वयस्क माणसांना आधी त्रास होतो तो चढण्या-उतरण्याचा. ४x४ हेवी ड्यूटीची बैठक खूप उंच असते. सासूबाई साडी नेसतात. साडीत एवढी उंच पायरी एका दमात चढणं अवघड, आणि उतरताना तर कमरेवर सगळा भार येतो. पायदान सपाट आणि रुंद हवं. गोल नळीवर पाय घसरतो. बटणाशिवाय आपोआप खाली येणारं पायदान मिळालं तर जरूर घ्या, ते जास्त खाली येतं. दाराच्या खांबावरचं धरायचं हँडल मागच्या बाजूलाही आहे ना ते बघा. आम्ही वर एक घडीचं स्टूलही ठेवतो.

दुसरं म्हणजे मागच्या सीटची पाठ. बहुतेक क्रू कॅबमध्ये (चार दारांच्या केबिनमध्ये) ती जवळजवळ काटकोनात उभी असते. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तासन्‌तास तसं बसवत नाही. रॅमच्या मेगा कॅबमध्ये (त्याहून लांब केबिनमध्ये) मागची सीट थोडी मागे कलते. आमच्याकडे तीच आहे आणि सासूबाई तिथे चक्क झोप काढतात. किंवा आईंना पुढे बसवा, तुम्ही मागे बसा. पुढची सीट कमरेला आधार देणारी, हवी तशी वळवता येणारी असते, आणि दणकाही कमी लागतो कारण ती मागच्या एक्सलपासून लांब असते.

टेस्ट ड्राईव्हला आई-बाबांच्या वयाचं कोणीतरी सोबत न्या. सेल्समन ज्या गुळगुळीत रस्त्यावर नेतो तो सोडा आणि रेल्वे क्रॉसिंग शोधा.

तिर्री

मी गेली काही वर्षं रॅम २५०० चालवतोय आणि राईडसाठी तोच सुचवेन. कारण सांगतो. २०१४ पासून रॅम २५०० च्या मागे पाटे (लीफ स्प्रिंग) नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि पाच लिंक आहेत. बाकी तिन्ही ट्रकच्या मागे अजून पाटेच. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे बारीक खाचखळग्यांना ते हलतच नाहीत. कॉइलला तो घास नाही. रिकाम्या गाडीत फरक पहिल्याच मैलात कळतो. हवं असेल तर मागे एअर सस्पेन्शनही मिळतं, म्हणजे हिच लावला की गाडी स्वतःच पातळी धरते. लक्षात ठेवा, हे २५०० चं आहे. रॅम ३५०० ला मागे पाटे आहेत.

आणि पायवाट, इंजिन कमिन्स डिझेलच घ्या. कोलोरॅडोत राहून गॅसवर ट्रेलर ओढायचा म्हणजे इंजिनाचे हाल. एक्झॉस्ट ब्रेक (उतारावर इंजिनानेच वेग रोखणारा) मिळतो तो वेगळाच फायदा.

घाटमाथा

तिर्री यांचं कॉइलबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. त्यात पुढच्या एक्सलची भर घालतो. रॅम आणि फोर्डच्या ४x४ ला पुढे अखंड एक्सल आहे, म्हणजे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही ते कळतं. शेव्ही आणि जीएमसीला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, टॉर्शन बारवर. खडीच्या, पन्हाळी पडलेल्या कच्च्या रस्त्यावर आणि वळणावर पुढच्या सीटवरच्या माणसाला ते जास्त स्थिर वाटतात. म्हणजे मागे बसणाऱ्यासाठी रॅमची मागची बाजू चांगली, आणि स्टिअरिंगवरच्या माणसासाठी जीएमची (शेव्ही-जीएमसीची) पुढची. आई कुठे बसणार हे ठरवा, उत्तर अर्धं मिळेल.

व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, बघा. लांब व्हीलबेसची गाडी काँक्रीटच्या सांध्यांवर कमी हिंदकळते, आणि ट्रेलर जोडलेला असताना पुढे-मागे जी डोलाची लय लागते तीही कमी होते. रॅम २५०० क्रू कॅब आखूड हौद्यासह १४९ इंच, मेगा कॅब १६० इंच. फोर्डची क्रू कॅब पावणेसात फुटी हौद्यासह १६०, जीएमची तशीच १५९. अकरा इंच कागदावर किरकोळ वाटतात, डेन्व्हरच्या जुन्या काँक्रीटवर वाटत नाहीत.

मात्र डिझेलच्या बाबतीत तिर्रींशी माझा मतभेद आहे, आणि तो त्यांच्याच गाडीच्या दारावर लिहिलेला आहे. रॅम २५०० ची जीव्हीडब्ल्यूआर (इथे भरलेल्या ट्रकचं जास्तीत जास्त वजन) १०,००० पौंडांपर्यंतच. कमिन्सचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन गॅसच्या इंजिनापेक्षा कितीतरी जड. ते वजन सरळ पेलोडमधून, म्हणजे दारावरच्या आकड्यातून, जातं. सजवलेल्या डिझेल २५०० च्या दारावर २,००० च्या आसपास, कधी त्याहून कमी आकडा सापडतो. गॅसच्या ६.४ हेमी इंजिनावर अडीच ते तीन हजार. पायवाट यांना २,००५ हवेत. म्हणजे ज्या कारणासाठी हाफ टन सोडायचा, त्याच कारणाने डिझेल २५०० काठावर येतो. डिझेलच हवं असेल तर २०२० नंतरचा जीएम २५००एचडी बघावा. त्याची जीव्हीडब्ल्यूआर ११ हजारांच्या वर ठेवली आहे, त्यामुळे ड्युरामॅक्स डिझेल असूनही पेलोड उरतो.

तिर्री

पेलोडचं मान्य. माझ्या दारावर २,०४० आहे आणि आम्ही दोघंच असतो, म्हणून मला कधी अडचण आली नाही. पण चढाचं काय? ६.४ हेमी ४१० हॉर्सपॉवरचं, पण ते समुद्रसपाटीला. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर आहे. तिथे तिसरा हिस्सा गेला ना?

घाटमाथा

गेला. उरले पावणेतीनशे. तेवढ्यात ८,००० पौंडांचा ट्रेलर चढतो, फक्त उजव्या लेनमध्ये, ताशी ४०-४५ मैलांनी, आणि इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर ओरडत. ते ओरडणं ऐकवत नसेल तर डिझेल घ्यावं, हे मी मान्य करतो. १२ हजार पौंडांचा फिफ्थ व्हील (हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) असता तर मीही डिझेलच सांगितलं असतं.

पण पायवाट यांचा रोजचा वापर बघा. शाळा आणि किराणा, चार-पाच मैलांच्या फेऱ्या. डिझेलच्या धुराच्या फिल्टरला साफ व्हायला लांब आणि गरम धाव लागते. ती मिळाली नाही की फिल्टर तुंबतो आणि खर्च वाढतो. शिवाय डिझेल इंजिनाचे जवळपास दहा हजार डॉलर जास्त, आणि डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रावण) भरत राहायचं. त्या पैशांत चांगल्या सीटची, मोठ्या केबिनची गाडी येते.

उतारावर मात्र एक्झॉस्ट ब्रेक हे डिझेलचं खरं सुख, त्यात वाद नाही. गॅसवाल्यांनी टो-हॉल मोड (ट्रेलर ओढायची सेटिंग) लावून, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणावा आणि ब्रेक सतत दाबून ठेवू नये. दाबून वेग उतरवायचा, सोडायचा, ब्रेक थंड होऊ द्यायचे. मेसा व्हर्डेला जाताना वुल्फ क्रीक पास लागेल, १०,८५७ फूट. पगोसा स्प्रिंग्सच्या बाजूचा उतार जवळजवळ सात टक्क्यांचा आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे वाळूचे रॅम्प उगाच बांधलेले नाहीत.

सागरगोटा

कॅलिफोर्नियातून. इकडे आलात तर ट्रेलर जोडलेला असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, रस्त्यावर पाटी काहीही असो. आणि इथल्या रहिवाशांसाठी: १०,००० पौंडांच्या वरचा ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला साधं लायसन्स चालत नाही, नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. पायवाट यांचा ८,००० चा आहे, त्यामुळे प्रश्न नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून लिहिलं.

वेशीबाहेर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा बंद ट्रेलर मी ओढतो. ढोल काही फार जड नाहीत, पण ट्रेलरचा पुढचा चेहरा सपाट आणि उंच आहे. ताशी ७० ला जेवढं गॅस पितो त्याच्या कितीतरी कमी ६० ला पितो. वाऱ्याला किती वजन आहे ते कळत नाही, तोंड किती मोठं आहे ते कळतं. २८ फुटी ट्रेलरला हे दुप्पट लागू. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरवर वेगाची मर्यादा असते, अनेकांची ६५ मैल, तीही बघून ठेवा.

घाटमाथा

टायरचा विषय निघालाच आहे तर राईडसाठी सगळ्यात स्वस्त उपाय सांगतो, कारण तो जवळपास फुकट आहे आणि फार कमी लोक करतात.

हेवी ड्यूटी पिकअपच्या दारावर मागच्या टायरची हवा साधारण ६० ते ८० पीएसआय लिहिलेली असते. ती पूर्ण लादलेल्या गाडीची असते. उदाहरण घ्या: एलटी २७५/७० आर १८, लोड रेंज ई. ८० पीएसआयला एक टायर ३,६४० पौंड पेलतो. रिकाम्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर असतात ३,००० च्या आसपास, म्हणजे टायरमागे १,५००. दीड हजारांसाठी साडेतीन हजारांची हवा भरून फिरायचं आणि मग गाडी दणके देते म्हणायचं!

प्रत्येक टायर कंपनीचा वजन आणि हवेचा तक्ता असतो. आपल्या एक्सलचं खरं वजन करून त्या तक्त्याप्रमाणे हवा ठेवायची, वर थोडी राखीव. अंदाजाने कमी करायची नाही, कमी हवेत टायर तापून फुटतो. काही ट्रकमध्ये हलक्या वजनासाठी वेगळी सेटिंग असते, नाहीतर टायरच्या हवेचा दिवा सारखा लागून राहतो. मुलाचा फळ्यावरचा खडू घ्या. टायरवर आडवी जाड रेघ ओढा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सपाट रस्त्यावर सरळ थोडं पुढे जा आणि उतरून बघा. मधलाच खडू पुसला गेला आणि दोन्ही कडांना पांढरं राहिलं तर हवा जास्त आहे. सगळीकडून सारखा पुसला गेला तर ठीक.

हिच लावायच्या आधी मात्र हवा परत दारावरच्या आकड्यावर आणायची, विसरायचं नाही. ८० पर्यंत भरू शकेल असा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घेऊन ठेवा. हे तुम्हाला प्रवासातही लागेल, कारण मेसा व्हर्डेत ट्रेलर मोरफील्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे नेताच येत नाही. तिथून पुढचा सगळा वळणांचा रस्ता आई-बाबांना घेऊन रिकाम्या ट्रकनेच जायचा आहे. नेमकी तिथे राईड मऊ हवी.

चाकंही १८ इंचीच घ्या. २० इंची दिसायला छान, पण रबराची भिंत तेवढी बुटकी होते आणि दणका वर येतो. बर्फाच्या नांगराचं पॅकेज किंवा कॅम्पर पॅकेज असलेली गाडी टाळा, त्यात स्प्रिंग आणखी ताठ असतात. वापरलेल्या गाड्यांत अशा पुष्कळ निघतात, आणि विकणारा ते वरदान म्हणून सांगतो.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच घालवला. केतकीताई, तुमचं ऐकून शेजारच्या गुजराती काकूंना सोबत नेलं. त्या सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, आणि स्पष्ट बोलतात.

सिएरा २५००एचडी, गॅस: मी चालवली. हायवेवर सुंदर, स्टिअरिंग हलकं, खडीच्या रस्त्यावर अजिबात भरकटली नाही. पुढे बसून नवरा खूश. मागे काकू म्हणाल्या, ठीक आहे, पण रेल्वे क्रॉसिंगला कमरेत कळलं.

एफ-२५०, गॅस: केबिन प्रशस्त, आरसे सगळ्यात चांगले. ही नेमकी कॅम्पर पॅकेजवाली निघाली, त्यामुळे हिच्या राईडवरून मत बनवणं बरोबर नाही. वेगळी मिळाली नाही.

रॅम २५०० मेगा कॅब, ६.४ हेमी, १८ इंची चाकं, दोन वर्षं वापरलेली: काकू मागे बसल्या, पाठ थोडी कलती केली. क्रॉसिंगवरून गेलो. मी आरशात त्यांच्याकडे बघत होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, बोलत होत्या, वाक्य मध्ये तुटलं नाही. परत आल्यावर हवा तपासली तर मागे ७८ होती! म्हणजे योग्य हवेत आणखी मऊ होईल.

दारावर २,५६०. तुमच्या हिशेबाप्रमाणे साडेपाचशे शिल्लक, त्यातून पायदानाचं वजन जाईल. डीलरने पायदान मागाहून बसवलेलं आहे, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. वळणावर सिएरा सरस होती हे खरं, पण आई मागे बसणार आहे. लांबी जवळपास २१ फूट, गॅरेजमध्ये मावत नाही, बाहेर उभी राहील. आम्ही हीच घेतो आहोत.

दुसऱ्या एका डीलरकडे मात्र वाईट अनुभव आला. ट्रेलर आठ हजारांचा म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, दारावरच्या स्टिकरकडे लक्ष देऊ नका, सगळे जास्तच लादतात. आम्ही तिथून उठलो.

आता पुढचा प्रश्न. हिच नीट बसला आहे आणि वजन बरोबर आहे हे घरी कसं कळायचं?

घाटमाथा

अभिनंदन! निवड तुमच्या गरजेला अगदी जुळणारी आहे.

घरी कळत नाही, काट्यावर जावं लागतं. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. सहलीला निघतात तशीच गाडी भरा: सगळी माणसं आत, टाकीत पाणी, हौद्यात सामान. काट्याला तीन पाट्या असतात. पुढची चाकं पहिल्या पाटीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या पाटीवर येतील असं उभं राहायचं. खांबावरचं बटण दाबायचं, आत बसलेल्या माणसाला पहिलं वजन म्हणून सांगायचं. मग बाहेर एका बाजूला उभं राहून हिचचे बार सोडायचे, पुन्हा वजन. शेवटी ट्रेलर तिथेच पार्किंगमध्ये सोडून नुसत्या ट्रकचं वजन. त्याच दिवसाच्या फेरवजनाला थोडेच पैसे पडतात.

बार सोडलेल्या वजनातल्या ट्रकच्या दोन्ही एक्सलची बेरीज उणे नुसत्या ट्रकचं वजन, हे तुमचं खरं टंग वेट. नुसत्या ट्रकच्या तुलनेत बार सोडल्यावर पुढचा एक्सल किती हलका झाला ते बघा, आणि बार लावल्यावर त्यातलं किती परत आलं तेही. काहीच परत येत नसेल तर बार आणखी ताणायला हवेत. किती परत यायला हवं ते ट्रकच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच प्रमाण धरा. पुढची चाकं हलकी राहिली की स्टिअरिंग तरंगतं आणि गाडी हिंदकळते. तुमच्या जुन्या गाडीचं वाऱ्यातलं हलणं बऱ्याच अंशी त्यातलं असावं.

ट्रेलरची पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघून ठेवा. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंडांच्या वर. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर ते वजन हिचवर वाढतं, मागे असेल तर हिच हलका होऊन ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

पायवाट

टाकी एक्सलच्या थोडी पुढे आहे. म्हणजे भरून नेली तर टंग वेट १,०४० च्या वर जाईल. मोरफील्डला पाणी मिळतं, तर मग रिकामी नेऊ का?

घाटमाथा

पाव टाकी ठेवा, वाटेत शौचालयाला आणि हात धुवायला पुरते. दीड-दोन तासांनी थांबणार आहातच. आणि वुल्फ क्रीक चढायच्या आधी साऊथ फोर्कला थांबून ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या भागाला हात लावून बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्या बाजूचा ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंगला ग्रीस नाही. तसं असेल तर घाट चढू नका, तिथेच दाखवून घ्या.